डोळे तपासणाऱ्यांचीही परीक्षा



गावात नेत्रतपासणी शिबिर भरते, तेव्हा तपासणाऱ्याची पात्रता काय, हे आपण सहसा विचारीत नाही. नंबर मिळाला, चष्मा मिळाला, की आपले समाधान होते. परंतु हा प्रश्न विचारणे अगत्याचे आहे.

ऑप्टोमेट्रिस्ट म्हणजे दृष्टिमापनतज्ज्ञ. दृष्टी मोजणे, चष्म्याचा नंबर ठरविणे आणि रोगाची लक्षणे दिसताच रुग्णास नेत्रवैद्याकडे पाठविणे, हे त्याचे काम. यांतील शेवटचे काम सर्वांत जोखमीचे आहे. मोतीबिंदू वाढत असता नंबर वारंवार बदलू शकतो. अशा वेळी केवळ नवनवे चष्मे देऊन भागत नाही. काचबिंदूत बहुधा प्रारंभी वेदना नसतात, समोरचे नीट दिसते, आणि कडेची दृष्टी हळूहळू जाते. ती पुन्हा येत नाही. लहान मुलाच्या एका डोळ्याचा अधूपणा वेळीच ध्यानात आला नाही, तर पुढे चष्म्यानेही त्या डोळ्याची दृष्टी पूर्ण सुधारेलच असे नाही.

पदवी असताना आणखी परीक्षा कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु संस्था अनेक असतात, शिक्षणाचा दर्जा कमीअधिक असतो, आणि तो पारखण्याचे साधन रुग्णापाशी नसते. अमेरिकेत मिनेसोटा राज्याने १९०१ साली या व्यवसायासाठी परवान्याचा पहिला कायदा केला. १९५१ साली तेथे राष्ट्रीय परीक्षक मंडळ स्थापन झाले. त्याच्या परीक्षेचे तीन भाग आहेत : मूलभूत शास्त्रे, रुग्णतपासणी व उपचारयोजनेचे ज्ञान, आणि प्रत्यक्ष कौशल्य. पाठांतराने पहिले दोन एकवेळ साधतील. तिसऱ्यात हात आणि नजर तयारच असावी लागते.

आपल्या संसदेनेही २०२१ साली संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा संमत केला. ऑप्टोमेट्रिस्ट त्याच्या कक्षेत येतात. राज्य परिषदा, व्यावसायिकांची नोंदवही आणि अभ्यासक्रमाअखेर एकसमान परीक्षा, अशा तरतुदी त्यात आहेत. ही परीक्षा घेताना प्रत्यक्ष कौशल्याला पुरेसे स्थान मिळाले, तरच तिचा लाभ खेड्यातील रुग्णापर्यंत पोहोचेल.

तोवर आपणही स्वस्थ बसू नये. पंचायत सदस्यांनी शिबिराला अनुमती देताना तपासणाऱ्यांचे शिक्षण व नोंदणी यांची विचारणा करावी. पुढील तपासणीसाठी पाठविलेले रुग्ण रुग्णालयात पोहोचले की नाही, याची यादी ठेवावी. फळ्यावरचे वाचताना डोळे बारीक करणारा विद्यार्थी शिक्षकांच्या नजरेतून सुटू नये. कायदा पात्रतेची हमी देईल. ती मागण्याची सवय मात्र आपणच लावून घेतली पाहिजे.