चिखल कुणाचा?

(किनारपट्टीवरील महिला गटांच्या शिबिरात केलेल्या मांडणीचा संक्षिप्त मजकूर)



हवामान बदल म्हटलं की आपल्यातल्या बऱ्याच जणींना वाटतं, हा शास्त्रज्ञांचा आणि सरकारचा विषय. आपल्याला रेशन, दारू, मारहाण यांतूनच सवड नाही. पण हा विषय आता खाडीच्या चिखलापर्यंत येऊन पोचला आहे. आणि ओहोटीला त्या चिखलात उतरतं कोण? बहुतेक बायाच. म्हणून आज चिखलाबद्दलच बोलायचं आहे.

कांदळवनातला चिखल काळा आणि उग्र वासाचा असतो, कारण आत हवा शिरत नाही. तिवराची, चिपीची पानं आणि मुळं त्यात गाडली जातात, पण पुरती कुजत नाहीत. झाडानं हवेतून घेतलेला कार्बन असा शेकडो वर्षं तिथेच पडून राहतो. वरच्या झाडांपेक्षा खालच्या चिखलातच तो जास्त असतो. गोड्या पाण्याच्या पाणथळीतही कार्बन साठतो, पण तिथून मिथेन वायू बराच निघतो. खाऱ्या पाण्यात तो कमी निघतो. मात्र हेच खाजण बांध घालून सुकवलं किंवा चिखल उपसला, की हवा लागते आणि साठवलेलं सगळं वर जायला लागतं. म्हणजे आहे ते राखणं हे पहिलं काम. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली आणि पुन्हा २०१८ साली कांदळवनाच्या तोडीला मनाई केली, ती या दृष्टीनेही मोलाची आहे.

बिघडलेलं खाजण पुन्हा जिवंत करायचं म्हणजे काय? रोपं लावायची, पाहुणे बोलवायचे, फोटो काढायचे, एवढीच बहुतेकांची कल्पना असते. खरं तर पाणी अडलं कुठे ते आधी शोधायला हवं. रस्त्याने भरतीची वाट बुजली असेल तर मोरी मोकळी करा. पाणी खेळायला लागलं आणि जवळ झाडं असली की बी आपोआप येऊन रुजतं. उलट, जिथे कधीच झाडं नव्हती अशा उघड्या चिखलात रोपं लावली तर ती बहुधा मरतात. आणि जगली तर तिसऱ्या, खुबे वेचायची जागा गेली! कागदावर ती 'मोकळी जागा' असते. घरातलं काम जसं हिशेबात 'काम' नसतं, तशीच ही गत.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. रायगड जिल्ह्यात खारबांध फुटले, दुरुस्त झाले नाहीत, आणि भातशेतीत कांदळवन उभं राहिलं. कार्बनच्या हिशेबात ते छान दिसतं. पण त्या शेतातला भात गेला आणि झाडं तोडायची तर बंदी. तिथल्या बाईला आपण 'पर्यावरण वाचलं' असं कोणत्या तोंडाने सांगणार?

आता पैशाचं. केनियात गाझी उपसागराकाठच्या गावांनी २०१३ पासून ११७ हेक्टर कांदळवन राखून त्याचा कार्बन विकायला सुरुवात केली. त्या पैशातून पाण्याची आणि शाळांची कामं झाली. पाणी जवळ आलं की हंडा कुणाच्या डोक्यावरून उतरतो, हे मी तुम्हाला सांगायला नको. पण असा करार जमिनीवर ज्याचा हक्क त्याच्याशी होतो. आपल्याकडे कांदळवनाची जमीन बरीचशी सरकारची, उरलेली खाजगी. सातबाऱ्यावर आधीच बाईचं नाव क्वचित. चिखलावर तर नाहीच. मग रोपं लावायला रोजंदारीवर आपण आणि सहीला दुसरेच, असं व्हायला वेळ लागणार नाही.

वेंगुर्ल्याच्या स्वामिनी गटातल्या बायांनी २०१७ साली मांडवी खाडीत स्वतः होड्या वल्हवत पर्यटकांना कांदळवन दाखवायला सुरुवात केली. चांगलंच आहे. पण फेरीचं भाडं मिळणं आणि खाडीवर हक्क असणं यांत फरक आहे.

हक्कासाठी एक वाट आहे, ती फारशी वापरलेली नाही. जिथे कांदळवन वन म्हणून जाहीर झालं आहे, तिथे २००६ चा वनहक्क कायदा लागू होऊ शकतो. त्यात पाण्यातल्या मासळीवरचा सामूहिक हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. वनहक्क समितीत किमान एक तृतीयांश बाया लागतात. अडचण अशी की आदिवासी नसलेल्यांना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा वास दाखवावा लागतो. पण वडीलधाऱ्यांची लेखी साक्षही पुरावा म्हणून चालते. तेव्हा गावातल्या म्हाताऱ्या बायांकडे वही घेऊन जा. कोणत्या महिन्यात, कुठल्या ओहोटीला, कोणत्या कडेला काय वेचायच्या, आईबरोबर कुठे जायच्या, सगळं लिहून घ्या. त्यांना नकाशावर बोट ठेवायला लावा, खाली सही किंवा अंगठा घ्या, आणि रोपं लावायचा ठराव येईल त्या ग्रामसभेत ती वही सोबत न्या.