अभिरूप संसदेतला विरोधी बाक



अर्धापूरच्या शाळेतली आपली अभिरूप संसद आठवते ना? सगळ्यांना मंत्री व्हायचं असायचं. माझ्या वाट्याला विरोधी बाक आला. सरांचा नियम एकच होता, उत्तर पूर्ण ऐकल्याशिवाय पुढचा प्रश्न नाही.

शाळांतून अशा संसदा भराव्यात, ही शिफारस १९६२ साली मुंबईच्या अखिल भारतीय प्रतोद परिषदेनं केली होती. मराठवाड्यात तर १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाची राजवट. सरकारला जाब विचारणं आजोबांच्या पिढीला महागात पडायचं. ते आपण खेळता खेळता शिकलो.

आज गावच्या ग्रामसभेत केळीच्या पाण्याचा प्रश्न घेऊन मी उभा राहतो. समोर सरपंच म्हणून आपलाच वर्गमित्र असतो. त्याचं उत्तर मी पूर्ण ऐकतो, आणि मग पुढचा प्रश्न विचारतो. सभा संपली की चहा दोघं मिळूनच घेतो.