शब्दाची संगत
(ॲन आर्बर येथे मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



तथागत बुद्ध, महात्मा जोतीराव फुले, क्रांतिज्योती सावित्रीबाई आणि परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन करून आम्ही विषयाकडे वळतो. या देशात नव्याने आलेले विद्यार्थी आणि मुलांकडे राहावयास आलेली वडीलधारी मंडळी आम्हांस वारंवार एकच प्रश्न विचारतात : ‘इंग्रजी वाचता येते, शब्द पाठ आहेत, तरी समोरचा बोलू लागला की अर्थ निसटतो. असे का?’ आमचे उत्तर असे की, आपण शब्द शिकलो, पण शब्दाची संगत शिकलो नाही. तो कोणत्या वाक्यात, कोणत्या प्रसंगी, कोणी कोणास उद्देशून उच्चारला, यावर त्याचा अर्थ ठरतो.

हा विचार मांडण्यास ॲन आर्बर हे योग्यच स्थळ आहे. परदेशी विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकविण्यासाठी मिशिगन विद्यापीठाने १९४१ साली येथे इंग्लिश लँग्वेज इन्स्टिट्यूट स्थापन केली. तिचे पहिले संचालक चार्ल्स फ्राइज यांचा आग्रह असा की, आरंभी शब्दांच्या लांबलचक याद्यांमागे लागू नये. मोजक्या शब्दांवर उच्चार आणि वाक्यरचना पक्की करावी. याच विद्यापीठात मध्ययुगीन इंग्रजीचा महाकोश सिद्ध झाला. १९३० पासून येथे चाललेले ते कार्य २००१ मध्ये पूर्ण झाले. त्यासाठी जमविलेल्या चिठ्ठ्यांची संख्या तीस लाखांहून अधिक. आणि चिठ्ठीवर नुसता शब्द नव्हे, तर तो ज्या वाक्यात आला ते वाक्य. कोशकारांनासुद्धा अर्थ शोधण्यासाठी वाक्यांकडेच जावे लागले. मग आपणांस ते कसे चुकेल?

रोजच्या व्यवहारातील उदाहरणे पाहा. दुकानदार ‘हाऊ आर यू?’ म्हणतो, तेव्हा तो आपल्या प्रकृतीची चौकशी करीत नसतो; तो त्याचा नमस्कार असतो. जेवणाचे निमंत्रण दिल्यावर सहकारी म्हणतो, ‘आय विल टेक अ रेन चेक.’ येथे पाऊसही नाही आणि धनादेशही नाही. बेसबॉलचा सामना पावसाने बंद पडला तर पुढच्या सामन्यासाठी प्रेक्षकास चिठ्ठी मिळत असे, तिच्यावरून हा वाक्प्रयोग आला. अर्थ इतकाच की, ‘आज जमत नाही, पुन्हा कधीतरी बोलवा.’ सभेतील शब्द तर अधिक फसवे. भारतात आणि ब्रिटनमध्ये ठराव ‘टेबल’ करणे म्हणजे तो सभेपुढे मांडणे. अमेरिकेत त्याचा अर्थ नेमका उलट, म्हणजे विचार न करता बाजूला ठेवणे. आपला एखादा कार्यकर्ता येथील सभेत उत्साहाने ‘लेट अस टेबल धिस’ म्हणाला, तर त्याचा ठराव त्याच्याच तोंडाने बारगळेल!

यात थोडी गंमत आहे; परंतु पुढे जे सांगावयाचे आहे त्यात गंमत नाही. आपल्या चळवळीचे शब्दही समुद्र ओलांडताना अर्थ बदलतात. ‘रिझर्व्हेशन’ म्हणताच आपल्या मनात राज्यघटनेने दिलेला हक्क उभा राहतो. येथील माणसास ‘आय हॅव अ रिझर्व्हेशन’ ऐकून उपाहारगृहातील राखीव जागा आठवते. ‘ऑन अ रिझर्व्हेशन’ ऐकून येथील आदिवासी जमातींचा राखीव प्रदेश आठवतो. आणि ‘आय हॅव रिझर्व्हेशन्स अबाउट धिस’ याचा अर्थ तर ‘मला याविषयी शंका आहेत’ असा होतो. शब्द तोच, भोवतालचे छोटे शब्द बदलले की अर्थ बदलला. १९३५ च्या कायद्यातून आलेल्या ‘शेड्यूल्ड कास्ट’ मध्ये ‘शेड्यूल’ म्हणजे कायद्याला जोडलेली सूची. अमेरिकन माणूस त्याचा अर्थ वेळापत्रक असा करतो. ‘बॅकवर्ड क्लास’ हा आपल्या राज्यघटनेच्या सोळाव्या अनुच्छेदातील शब्द. येथे ‘बॅकवर्ड’ ही शिवी ठरू शकते. म्हणून एकाच शब्दावर विसंबू नये, पूर्ण वाक्य बोलावे : ‘सीट्स सेट असाइड बाय लॉ फॉर कम्युनिटीज केप्ट आउट बाय कास्ट.’ अर्थात, जातीमुळे ज्यांना बाहेर ठेवले गेले, त्यांच्यासाठी कायद्याने राखलेल्या जागा.

आता ‘अफर्मेटिव्ह ॲक्शन’ घ्या. कोशात पाहून अर्थ लावला तर ‘होकारार्थी कृती’ एवढेच हाती लागते. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या १९६१ च्या आदेशात हा शब्दप्रयोग आला, आणि पुढे त्याची लढाई याच विद्यापीठाच्या दारात झाली. २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने येथील विधी महाविद्यालयाची वंशाचा विचार करणारी प्रवेशपद्धती मान्य केली. मात्र पदवी प्रवेशातील, अल्पसंख्याकांस १५० पैकी २० गुण सरसकट देणारी पद्धती रद्द केली. २००६ मध्ये मिशिगनच्या मतदारांनी हे धोरणच राज्यात बंद केले. त्या प्रस्तावाने त्यास नाव दिले ‘प्रेफरन्शियल ट्रीटमेंट’, म्हणजे पक्षपाती वागणूक. आणि ही मोहीम स्वतःस ‘सिव्हिल राइट्स इनिशिएटिव्ह’ म्हणवीत होती! २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरच्या महाविद्यालयांतील वंशाधारित प्रवेशधोरणांचे दार बहुतांशी बंद केले. धोरण एक, नावे दोन; जो ज्या नावाने बोलेल, त्याची बाजू त्या नावातच कळते. हे न ओळखणारा मनुष्य प्रतिपक्षाच्या शब्दांत स्वतःची बाजू मांडून बसतो.

आपल्या महापुरुषांनी हे जाणले होते. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील लोकांस अर्पण केला आणि या देशास कळेल अशा शब्दाशेजारी आपली वेदना ठेवली. रामजी सुभेदारांनी बालवयातील भीमरावांकडून हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला पक्की करून घेतली. योग्य जागी योग्य शब्द वापरण्याची शिस्त तेथून आली. १९३१ च्या नोव्हेंबरात, दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या वेळी, बाबासाहेब आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी ‘डिप्रेस्ड क्लासेस’ या नावास हरकत घेतली व सुचविलेल्या पर्यायांत ‘प्रोटेस्टंट हिंदू’ हेही नाव होते. त्या एका शब्दामागे युरोपातील धर्मसत्तेविरुद्धच्या बंडाचा इतिहास आहे आणि इंग्रज श्रोत्यास तो ठाऊक आहे, हे बाबासाहेब जाणून होते.

म्हणून आमची विनंती साधी आहे. पाठांतर टाकू नका, पण शब्दाऐवजी वाक्य पाठ करा. वहीत वाक्य लिहा. त्याखाली कोणी, कोणास, कोठे म्हटले ते लिहा. कोश उघडण्यापूर्वी अर्थाचा तर्क करा, मग पडताळून पाहा. आठवडाभरात ते वाक्य कोठेतरी वापरा. न समजल्यास ‘व्हॉट डू यू मीन बाय दॅट?’ असे सौम्य स्वरात विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. आजी-आजोबांनी नातवंडांकडून वाक्ये घ्यावीत आणि बदल्यात त्यांना मराठी वाक्ये द्यावीत.

ज्यांच्या पूर्वजांना अक्षराचा स्पर्शही नाकारला गेला, त्यांच्या हाती आज दोन भाषा आहेत. आपली कहाणी दुसऱ्याच्या तोंडून सांगितली जाऊ नये, एवढ्यासाठी तरी त्या दोन्ही भाषा नीट बोलू या.

जयभीम! जय भारत!