आम्ही दोघे आणि जुनी लेणी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



"तुमच्या प्रवासाविषयी चार शब्द बोला," असे कार्यवाहबाईंनी सांगितले, तेव्हा मी म्हटले, "अहो, आम्ही काही काशी-रामेश्वर केलेले नाही. आमचा पहिला प्रवास अंधेरीहून बोरिवलीपर्यंतचा!" त्या म्हणाल्या, "मग तोच सांगा." म्हणून तोच सांगते.

हे निवृत्त झाले, मुले आपापल्या संसाराला लागली आणि घरात आम्ही दोघेच उरलो. पस्तीस वर्षे एका छपराखाली काढली, पण बोलणे ते काय? दूध आले का, वाण्याचे किती झाले, गोळी घेतली का. मुलांविषयी बोलून झाले की दोघेही गप्प. तुमच्यापैकी कित्येकींना हे ओळखीचे वाटेल.

त्याच सुमारास एका यात्रा कंपनीबरोबर आम्ही वेरूळला गेलो. अखंड डोंगर वरून खाली कोरीत आणून घडविलेले ते कैलास लेणे! आठव्या शतकातले, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळचे. ते पाहायला आम्हांला मिळाला पाऊण तास, आणि पैठणीच्या दुकानात दोन तास! परत येताना हे म्हणाले, "यापुढे आपण दोघेच जाऊ, आणि मन भरेपर्यंत पाहू."

जवळचे म्हणून पहिल्यांदा कान्हेरी निवडले. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून सहा-सात किलोमीटर आत गेले की शंभराहून अधिक लेणी डोंगरभर पसरलेली दिसतात. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहात ३४ खांब आहेत आणि ओसरीच्या दोन्ही टोकांना सुमारे २२ फूट उंचीच्या बुद्धमूर्ती उभ्या आहेत. हे खांब मोजीत राहिले, आणि माझी नजर गेली ती दर्शनी भिंतीवरल्या दांपत्यांकडे. त्या बायकांच्या पायांतले जड वाळे, कमरेची मेखला सारे स्पष्ट दिसते. आणि एक गोष्ट मी यांना मुद्दाम दाखविली. बाई पुरुषाच्या शेजारी उभी आहे, मागे नाही! हे हसले, पण उतरताना माझ्या बरोबरीने चालले, हेही सांगायला हवे.

घरी आल्यावर आम्ही ग्रंथालयातून पुस्तके आणली. ब्राह्मी लिपीतला 'क' अगदी बेरजेच्या चिन्हासारखा असतो, हे समजल्यावर दोन म्हातारी माणसे लहान मुलांसारखी पाटीवर अक्षरे गिरवू लागली. कान्हेरीचे लेख प्राकृतात आहेत, पण त्यांत 'लेण' आणि 'पोढी' हे शब्द भेटतात. पोढी म्हणजे पाण्याचे टाके. डोंगरावर पावसाचे पाणी वळवून आणायला पन्हळी खोदल्या आहेत, आणि लेण्यालेण्याशी टाकी आहेत. ही सारी राजांनीच दिली असेही नाही. कल्याण, सोपारा, चौल, नाशिक इथल्या व्यापाऱ्यांनी, कारागिरांनी, भिक्षुणींनी आणि तुमच्या-माझ्यासारख्या गृहिणींनीही दाने दिली. कित्येक लेखांत 'अक्षयनीवी'चा उल्लेख येतो. मुद्दलाला हात लावायचा नाही आणि व्याजातून भिक्षूंना चीवर द्यायचे. आपल्या मंडळाची मुदतठेव हीच की! खजिनदारबाईंनी हे अवश्य ध्यानात ठेवावे.

९० क्रमांकाच्या लेण्यात पहलवी लिपीतले लेख आहेत. १००९ आणि १०२१ साली आलेल्या पारशी मंडळींनी आपली नावे तेथे कोरून ठेवली आहेत. म्हणजे हजार वर्षांपूर्वीही लोक कान्हेरी पाहायला येत होते! आज मात्र तसे नाव कोरणे हा गुन्हा आहे, हे नातवंडांना बजावून सांगा.

पुढे नादच लागला. आपल्या अंधेरीची कोंडिविट्याची लेणी, म्हणजे महाकालीची, तिथे चैत्यगृहात दगडातच कोरलेली गोल झोपडी आहे, तिला जाळीच्या खिडक्या आहेत आणि आत स्तूप आहे. जोगेश्वरीच्या लेण्यात पायऱ्या उतरून जावे लागते. आत देवीची पूजा आजही चालते, पण भोवती घरांची इतकी दाटी आहे की माथ्यावर वस्ती आणि पायथ्याला सांडपाणी, असे पाहून जीव कळवळतो. बोरिवलीच्या मंडपेश्वराने शिवाचे लेणे, पोर्तुगीजांचे चर्च आणि पुन्हा शिवाचे देऊळ अशी सारी स्थित्यंतरे पाहिली. एका भिंतीवर क्रूसही कोरलेला आहे. हे सारे आपल्या लोकलच्या पासात बसते, भगिनींनो!

मग धीर आला, तेव्हा अंबरनाथ केले. शके ९८२चे, म्हणजे १०६० सालचे ते शिलाहारांचे शिवालय. गाभारा वीसेक पायऱ्या खाली. त्यानंतर एस.टी.ने सिन्नरचे गोंदेश्वर आणि खिद्रापूरचे कोपेश्वर पाहिले. खिद्रापूरला स्वर्गमंडपाच्या छताला मधोमध गोल मोकळीक ठेवलेली आहे, तीतून आभाळ दिसते. तिथे बसून आम्ही दशम्या खाल्ल्या आणि दुपारभर बोलत राहिलो. कशाविषयी? लग्नानंतर यांना मुंबईत जागा मिळेना तेव्हा काय वाटले होते, मला शिकायचे होते ते का राहिले, अशा गोष्टी. पस्तीस वर्षांत हे विषय निघालेच नव्हते. घरात प्रत्येक वस्तू काही ना काही काम सांगते. तिथे काम सांगणारे कोणी नव्हते.

"पूजा नसलेल्या देवळाला जाऊन पुण्य काय मिळते?" असे मला विचारतात. पुण्याचे मला ठाऊक नाही. माझा माणूस मला मिळाला, एवढे ठाऊक आहे.

गेल्या दोन वर्षांपासून यांचे गुडघे चढ चढू देत नाहीत. पहिल्या वेळी मी म्हटले, आता पुरे. तर हेच म्हणाले, "तू वर जा, मी खाली बसतो." तेव्हापासून कान्हेरीला हे तिसऱ्या लेण्याशी बसतात आणि मी वरच्या लेण्यांपर्यंत एकटी जाऊन येते. उतरले की सारे सांगावे लागते, कुठल्या टाक्यात पाणी आहे, अकरा तोंडांचा अवलोकितेश्वर ठीक आहे ना. अर्धवट सांगितलेले चालत नाही! नवऱ्याच्या सोबतीशिवाय स्टेशनाबाहेर न पडणारी मी, आता डोंगरावर एकटी फिरते आणि कुणीतरी माझी वाट पाहते, ऐकायला.

तेव्हा माझी विनंती एवढीच. पाऊस सरला की एकदा कान्हेरीला जा. सोमवारी लेणी बंद असतात. पाणी आणि विजेरी बरोबर घ्या, खाऊची पिशवी माकडांपासून जपा, आणि घरातल्या माणसाला बरोबर न्या. यायला नाही म्हणाले, तर मंडळातर्फे आपण साऱ्या जाऊ. वाट दाखवायला मी आहेच.