फोन वाजतो रात्री, दोष बाईच्या माथी

आम्ही मोडनिंबच्या बचत गटातल्या बाया बोलतोय. जेवणखाण, भांडीकुंडी आवरून तुम्ही रेडिओ लावला असेल. आज घरात बसूनही न चुकणाऱ्या एका त्रासाबद्दल बोलू. फोनचा त्रास.

बोरांचा हंगाम होता. आमच्यातल्या एका ताईंचा नंबर आडतीवर, रिचार्जच्या दुकानात, असा चार ठिकाणी गेलेला. एका रात्री साडेनऊला अनोळखी फोन आला. "कोण बोलतंय?" तर पलीकडून, "तुम्हीच ओळखा की." ताईंनी ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग रोज पाच-सहा वेळा. कधी नुसता श्वास, कधी नको ते बोलणं. ताई फोन उशीखाली दडवू लागल्या. एकदा मालकांनी उचलला, तर लगेच कट. झालं, घरात सुरू, "तुलाच कसा येतो?" शेवटी फोनच काढून घेतला.

फोन गेला, तसे गटाचे निरोप गेले, बँकेचा ओटीपी गेला, माहेरचं बोलणंही गेलं. त्रास देणारा मोकळा, शिक्षा मात्र ताईंना.

दोन बैठकांना ताई आल्या नाहीत, म्हणून आम्ही चौघीजणी त्यांच्या घरी गेलो. सगळं ऐकून सासूबाईच म्हणाल्या, "आमच्या वेळी पाणवठ्यावर कुणी शीळ घातली, तर पोरीचंच पाण्याला जाणं बंद व्हायचं." मालक गप्प झाले. मग सगळ्यांनी बसून वाट काढली. तीच तुम्हाला सांगतो.

पहिलं, घरात लगेच सांगा. लपवलं की त्याचं फावतं.

दुसरं, एकदाच ठाम सांगा, "मला तुमच्याशी बोलायचं नाही, पुन्हा फोन करू नका." त्यानंतर एक शब्दही नाही. शिव्याही देऊ नका. त्याला तुमचा आवाजच ऐकायचा असतो.

तिसरं, वहीत तारीख, वेळ, नंबर लिहा. आलेले मेसेज पुसू नका, स्क्रीनचा फोटो काढून ठेवा. मग नंबर ब्लॉक करा. नव्या नंबरवरून आला, तर तोही लिहा.

चौथं, वही घेऊन पोलीस ठाण्यात जा, सोबत दोघी-तिघी घ्या. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम 78 प्रमाणे, बाईने स्पष्ट नकार दिल्यावरही पुरुष जवळीक साधायला वारंवार संपर्क करत राहिला, तर तो पाठलागाचा गुन्हा आहे. पहिल्यांदा तीन वर्षांपर्यंत, पुन्हा केला तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तातडीची भीती वाटली, तर 112 लावा.

आता दुसरे फोन. लोन घ्या, प्लॉट घ्या अशा जाहिरातींसाठी 1909 ला फोन करून 'जाहिराती नकोत' अशी नोंद करा. बँकेचे कामाचे मेसेज त्याने बंद होत नाहीत. कुणी ओटीपी काढून पैसे पळवले, तर वेळ न घालवता 1930 लावा.

आणि हप्त्याचे फोन. कर्ज घेतलंय तर फेडायचंच. पण मायक्रोफायनान्सच्या वसुलीसाठी सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 नंतर फोन करू नये, सारखे फोन करून छळू नये, नातेवाइकांना त्रास देऊ नये, असे रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. आधी कंपनीकडे लेखी तक्रार द्या. दाद मिळाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या 14448 वर विचारा.

आमच्या ताईंनी वहीतली तीन पानं पोलिसांपुढे ठेवली. साहेबांनी तिथूनच तो नंबर लावला, चार शब्द सुनावले. फोन थांबले. घरी आल्यावर मालकांनी मोबाईल स्वतः चार्ज करून ताईंच्या हातात दिला. आता आमच्या गटाच्या हजेरीवहीत मागच्या पानावर हे सगळे नंबर लिहिलेत. तुमच्याही वहीत आजच लिहून घ्या. आणि कुणी मैत्रीण बैठकीला यायची थांबली, तर दंड लावण्याआधी तिच्या घरी जाऊन या.