चिनी टिलर आणि एक दातेरी चक्र

अमरावती-अकोल्याकडील पुष्कळ शिक्षित कुटुंबांची शेती गावी भावाकडे अथवा बटाईने असते. यंत्र घ्यावयाचे ठरले म्हणजे पैसे मात्र शहरातून जातात. म्हणून हा विषय आपल्या घरातला आहे असे समजूनच मी बोलतो.

माझ्या भाच्याची वरुडकडे संत्र्याची बाग आहे. झाडांच्या ओळींतून मोठा ट्रॅक्टर फिरविणे अवघड, म्हणून त्याने चिनी बनावटीचा पॉवर टिलर घेतला. दोन वर्षे यंत्राने चोख काम केले. तिसऱ्या वर्षी ऐन मृगात गिअरपेटीतील एका चक्राचे दात झडले. विकणाऱ्याने तो धंदाच सोडलेला. भाचा मला म्हणाला, "मामाजी, मुठीएवढ्या चाकासाठी शेजाऱ्याचे बैल मागा लागले."

येथे एक भेद ध्यानी घ्यावा. या यंत्रांवरील आडवे, एकाच सिलिंडरचे डिझेल इंजिन साध्या घडणीचे असते, आणि त्याच नमुन्याची इंजिने अनेक कारखाने काढतात. त्यामुळे पिस्टन, रिंगा, नोझल हे भाग बहुधा कोठे तरी मिळतात. गिअरपेटी व क्लच यांचे तसे नाही. ते ज्याचे त्याचे निराळे. गिऱ्हाईक इंजिन सुरू करून पाहते, अश्वशक्ती विचारते. गिअरपेटीविषयी सहसा कोणी विचारीत नाही.

त्यात जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारने पॉवर टिलरांची आयात परवान्याखाली आणली. इंजिन, गिअरपेटी, चासी आणि रोटाव्हेटर हे भागही त्यात आले. परवाना मागणाऱ्याजवळ दुरुस्तीची व सुट्या भागांची सिद्ध व्यवस्था असावी, अशीही अट घातली. ही अट मला अगदी रास्त वाटते. ती दहा वर्षे आधी यावयास हवी होती. परंतु ज्यांनी यंत्रे पूर्वीच घेतली, त्यांच्या वाट्यास अटीचा लाभ न येता केवळ टंचाई येण्याचा संभव, हेही बोलले पाहिजे.

आता धुराविषयी. टिलर शेतातच राहतो, त्याला कसला कायदा, असे पुष्कळांस वाटते. ते खरे नव्हे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ११५-अ हा नियम ट्रॅक्टर आणि पॉवर टिलर या दोहोंच्या धुरासंबंधी आहे. ५० अश्वशक्तीहून मोठ्या ट्रॅक्टरांस १ जानेवारी २०२३ पासून 'ट्रेम ४' हा अधिक कडक टप्पा लागू झाला. लहान यंत्रे त्या वेळी जुन्याच टप्प्यावर राहिली. कडक टप्प्याची इंजिने धूर कमी सोडतात, पण त्यांतील विजेवर चालणारी इंधनयोजना गावच्या मिस्त्रीच्या हातची राहत नाही. उलट, टिलरमागे चालणाऱ्या माणसाचे तोंड इंजिनापासून चार-पाच हातांवर असते. दुरुस्तीची सोय आणि छातीतला धूर यांत निवड करण्याची पाळी गरिबावर का यावी, याचे उत्तर मजजवळ नाही.

यंत्र घेताना चाचणीचा अहवाल मागावा. मध्य प्रदेशातील बुदनी येथे १९५५ पासून केंद्र सरकारची यंत्रपरीक्षणाची संस्था आहे. विक्रेत्यास गिअरपेटीचा एखादा भाग दुकानातून काढून दाखवावयास सांगावे. त्याला राग आला तरी चालेल.

भाच्याने अखेर अकोल्यास लेथवर नवे चक्र कापवून घेतले. टिलर चालू झाला; आवाज थोडा अधिक करतो. झिजलेले जुने चक्र त्याने फडक्यात बांधून फडताळात ठेवले आहे, पुढच्या वेळी मापाला हवे म्हणून.