जांभळ्या पत्ताकोबीला आंबट हवं

थंडी पडली की वर्ध्याच्या गोल बाजारात सांभाराच्या जुड्या, मुळे, वाटाण्याच्या शेंगा यांचे ढीग लागतात. त्यातच एखाद्या पाटीत जांभळी पत्ताकोबी दिसते. कोणी तिला लाल कोबी म्हणतं. गिऱ्हाईक गड्डा उचलतं, वजनाचा अंदाज घेतं, "हिचं करायचं काय?" असं विचारतं आणि परत ठेवून देतं. सेलूकडून येणाऱ्या एका भाजीवालीनं मला सांगितलं, "ताई, उरलेले गड्डे घरी नेऊन गाईपुढे टाकते." तीन-साडेतीन महिने पाणी देऊन वाढवलेलं पीक केवळ माहीत नाही म्हणून गोठ्यात जातं, याचं मला फार वाईट वाटलं. म्हणून आज या भाजीबद्दल बोलायला आले आहे.

पहिल्यांदा मी ती आणली तेव्हा पांढऱ्या कोबीसारखीच केली. लोखंडी कढई, तेल, मोहरी, हळद, वर पाण्याचा हबका आणि झाकण. दहा मिनिटांनी झाकण काढलं तर भाजी निळसर करडी झालेली. सासूबाईंनी ताटाकडे पाहिलं आणि विचारलं, "ही बिघडली तर नाही ना?" बिघडली नव्हती, पण कोणी दुसऱ्यांदा वाढून घेतली नाही.

असं का झालं, हे कळायला मला थोडं वाचावं लागलं. जांभूळ आणि काळी द्राक्षं ज्या प्रकारच्या रंगद्रव्यानं रंगतात, तेच या पानांत असतं. त्याला अँथोसायनिन म्हणतात. ते पाण्यात विरघळतं आणि आंबट-खाऱ्याप्रमाणे रंग बदलतं. लिंबू पिळलं की गुलाबी-लाल, सोडा टाकला की निळं, मग हिरवं. लोखंडाशी गाठ पडली की काळवंडतं. आपल्याकडे बऱ्याच विहिरींचं, बोअरचं पाणी जड. तशा पाण्यात डाळ शिजत नाही म्हणून चिमूटभर सोडा टाकायची अनेक घरांत सवय आहे. या भाजीला तो सोडा अजिबात लावू नका. हळदही नको. वायगावच्या हळदीचा मला अभिमान आहे, पण जांभळ्यावर पिवळा चढला की दोन्ही रंग मळतात.

म्हणजे या भाजीला हवं आंबट, आणि तेही सुरुवातीलाच. स्टीलचा गंज घ्या. जवसाच्या किंवा शेंगदाण्याच्या तेलात मोहरी, जिरं, दोन लवंगा, सुकी मिरची घाला. विळीवर बारीक चिरलेली कोबी टाकली की लगेच चिंचेचा कोळ किंवा अर्धं लिंबू. वेगळं पाणी नकोच, झाकण ठेवलं की तिच्या अंगच्या पाण्यात ती शिजते. मीठ आणि गुळाचा खडा शेवटी. जर्मनीत हीच भाजी सफरचंद, लवंग आणि व्हिनेगर घालून मंद आचेवर शिजवतात. मला वाटलं, सफरचंद कशाला? आर्वी, आष्टी, कारंजा या आपल्याच तालुक्यांत संत्र्याच्या बागा आहेत आणि आंबिया बहाराचं संत्रं याच दिवसांत बाजारात येतं. दोन संत्र्यांचा रस कोबीवर घातला. पंधरा मिनिटांत किरमिजी, चकचकीत भाजी तयार झाली, ज्वारीच्या भाकरीशी अशी जुळली की त्या दिवशी मुलांना आग्रह करावा लागला नाही.

कच्ची खाल्ली तर क जीवनसत्त्व जास्त मिळतं, कारण शिजवण्यात त्यातलं बरंचसं जातं. गांधीजी 1935 मध्ये वर्ध्यात मगनवाडीत असताना त्यांनी 'हरिजन'मध्ये कच्ची हिरवी पानं खाण्याविषयी लिहिलं होतं. आदल्याच वर्षी ग्रामोद्योग संघ स्थापन झाला होता आणि गावात जे पिकतं त्यातून सकस अन्न कसं मिळेल याचा विचार मगनवाडीत चालू होता. त्या मातीत राहणाऱ्या आपण एवढी सुंदर पानं गोठ्यात टाकू नयेत, असं मला मनापासून वाटतं. पानं बारीक चिरून त्यात लिंबू, मीठ आणि दाण्याचं कूट घालून कोशिंबीर करा. दही मात्र ऐन वाढताना कालवा, नाहीतर सगळं दही जांभळं होतं.

आता टिकवण्याचं. त्यातला सगळ्यात चांगला मार्ग मिठाचा. एक किलो चिरलेल्या कोबीला 20 ग्रॅम मीठ, तराजूवर मोजून. परातीत घेऊन दहा मिनिटं हातानं चोळा. आधी पानं करकर वाजतात, मग नरम पडतात आणि परातीच्या तळाशी जांभळं पाणी साचू लागतं. काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत ती कोबी मुठीनं दाबून भरा. वर एक अख्खं पान, त्यावर धुऊन उकळलेला गुळगुळीत गोटा. कोबी पाण्याखाली बुडालेली राहिली पाहिजे, सगळी मेख तिथेच आहे. तोंडाला दादरा बांधा, झाकण घट्ट लावू नका, कारण आत वायू तयार होतो. पहिले तीन-चार दिवस बुडबुडे दिसतील. दह्यात असतात तशाच जातीचे जंतू इथे कोबीतली साखर खाऊन आंबटपणा तयार करतात आणि तो आंबटपणा भाजीला सडू देत नाही.

या बरणीची मला सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे ती स्वतःच खबर देते. भरताना पाणी गर्द जांभळं असतं. जसजसं आंबत जातं तसतसं ते लालकडे झुकतं. आपल्या डिसेंबर-जानेवारीच्या हवेत दहा-बारा दिवसांत लखलखीत लाल दिसू लागलं की चाखून बघा. वर पांढरट पातळ साय आली तर काढून टाका. हिरवी-काळी केसाळ बुरशी आली तर मात्र सगळी बरणी टाका, मोह धरू नका. चव जमली की फ्रिजमध्ये ठेवा, दोन-तीन महिने सहज जाते. चैत्र-वैशाखात हा उद्योग करू नका. आपल्या उन्हाळ्यात कोबी आंबायच्या आधी लिबलिबीत होते.

कॅप्टन कुक 1768 मध्ये समुद्रप्रवासाला निघाला तेव्हा त्यानं अशीच खारवलेली आंबट कोबी जहाजावर पिंपांनी भरून घेतली होती, क जीवनसत्त्वाअभावी होणारा स्कर्व्ही टाळण्यासाठी. खलाशी आधी तोंड लावेनात. मग त्यानं ती रोज अधिकाऱ्यांच्या टेबलावर वाढायला लावली आणि खलाशी आपणहून मागू लागले. घरात नवी भाजी आणली की मी आधी सासऱ्यांना वाढते, ते याचसाठी.

वाळवणही जमतं. बोटभर लांब पट्ट्या चिरून लिंबू पिळलेल्या उकळत्या पाण्यात दोन मिनिटं बुडवा, निथळा, आणि सावलीत पातळ फडक्याखाली वाळवा. कडक उन्हात रंग विटतो. किलोभर कोबीचं वाळून शंभर ग्रॅमच्या आसपास उरतं. पावसाळ्यात भाजी महाग झाली की हे थालीपिठात आणि वरणात घालता येतं.

बरणीतलं खारं पाणीही फेकू नका, वरणाला आंबट म्हणून वापरा आणि मीठ तेवढं बेतानं घाला. सेलूच्या त्या भाजीवालीला मी एक छोटी बरणी नेऊन दिली आहे. आता ती बरणी पाटीत गड्ड्यांच्या शेजारी ठेवलेली असते आणि कोणी "हिचं करायचं काय?" म्हणालं की ती झाकण उघडून चिमूटभर हातावर देते.